दाट झाडीतल्या हरणाला कुठली गोळी

टॅमरॅक क्रीक, उत्तर मिशिगन
रविवार, २४ नोव्हेंबर १९७४

तीर्थस्वरूप हेल्मीवन्संना लेम्पीचा, दोन्ही गुडघे कुरकुरत असतानाही, वाकून नमस्कार.

तुमची कंबर आता काय म्हणते? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत हाडं आपोआप बरी होतात असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतंत. ते वाचून मी खिडकीबाहेर पाहिलं, तर अंगणात मांडीभर बर्फ आणि पंपाच्या मुठीला माझा हातमोजा चिकटलेला (मी तो तिथेच सोडून आले होते, हात मात्र घरात आणला). तुमचं ते दारापुढचं निवडुंग फुललं का? इकडे सगळं क्षेम आहे. छप्पर गळत नाही, लाकडं एप्रिलपर्यंत पुरतील आणि मांजर आहे तेवढंच आळशी आहे.

तुमच्या कानावर काय आलं असेल याची मला कल्पना आहे. पास्टर सालोंच्या बायकोने कळवलंच असणार, की तुमचा भाऊ तायस्तो मार्चमध्ये गेल्यापासून लेम्पीच्या डोक्यावर परिणाम झाला असून ती बंदूक घेऊन रानात हिंडते. यातला बंदुकीचा भाग खरा आहे. डोक्याचं काय ते तुम्ही पत्र वाचून ठरवा. पण सगळं वाचा. मधलीच पानं वाचून मत बनवायची तुमच्या माहेरची पद्धत या वेळी बाजूला ठेवा.

झालं असं, की ऑगस्टमध्ये एका दुपारी ऑस्करभावजी आले. रक्ताचं नातं नसलं, तरी मामंजींनंतर रानातल्या शिकारीच्या कॅम्पचा कारभार त्यांच्याकडेच आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तीन कप कॉफी आणि अर्धा वेलचीचा पाव संपेपर्यंत ते हवापाण्यावरच बोलले. मग टोपी हातात गरागरा फिरवत म्हणाले, "लेम्पी, तायस्तोची बर्थ रिकामी आहे." मी म्हटलं, "माझीही निम्मी गादी रिकामी आहे भावजी, पण मी ती कुणाला देत नाहीये." त्यावर त्यांनी कप पुढे करून चौथी कॉफी मागितली. मग हळूहळू बाहेर आलं, की त्यांचा जावई केनेथ (डेट्रॉइटकडचा, दातांचा डॉक्टर) याला शिकारीची फार हौस आहे, आणि कॅम्पातल्या झोपायच्या सहा बर्थांपैकी शेगडीजवळची, खालची, म्हणजे आपली, त्याच्यासाठी हवी आहे.

आता तो नियम तुम्हाला आठवतो का? मामंजींनी अठ्ठावीस साली कॅम्प बांधला तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीने लिहून ठेवला होता. ज्या घरची बर्थ, त्या घरातलं कुणीतरी पंधरा नोव्हेंबरला, हरणाच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी, उजाडताना बंदूक घेऊन आपल्या जागेवर बसलेलं असलं पाहिजे; नसेल तर बर्थ दुसऱ्याची. मला तो तोंडपाठ आहे, कारण आम्हा बायकांना त्या कॅम्पात फक्त मे महिन्यात, घासायला-पुसायला नेत असत, आणि मी सत्तावीस मे महिने त्या अक्षरांच्या कडेकडेने फडकं फिरवलं आहे. मी ऑस्करभावजींना म्हटलं, "ते 'कुणीतरी' म्हणजे मी." ते म्हणाले, "अगं, त्यात पुरुषच धरलाय." मी म्हटलं, "कुठे धरलाय, दाखवा." आता आपल्या फिनिश भाषेची गंमत बघा वन्सं. 'तो' आणि 'ती' यांना आपल्यात एकच शब्द. आयुष्यभर मला त्याचा त्रास झाला (हे गावाहून आल्यावर कुणाबद्दल बोलतायत ते अर्धा तास कळायचं नाही), पण त्या दिवशी भाषेने माझी बाजू घेतली. पास्टर सालोंना विचारलं, तर त्यांनीही चष्मा पुसत पुसत सांगितलं, की व्याकरणाच्या दृष्टीने लेम्पीबाईंचं बरोबर आहे, बाकी कुठल्याच दृष्टीने मात्र ते खात्री देऊ शकत नाहीत.

ऑस्करभावजी रागावले नाहीत. उलट गालात हसले. म्हणाले, "बरं तर. आधी बंदूक ठरव." तेव्हा मला ते हसू कळलं नाही. आता कळतंय. वाल्फ्रेडला स्वतःसाठी बंदूक ठरवायला चार वर्षं लागली होती, आणि त्याचं तर बंदुकांचंच दुकान आहे.

तुम्ही म्हणाल, बंदूक ठरवायची कशाला, तायस्तोची होती ना? मीही तेच म्हटलं. दुसऱ्याच दिवशी ती कपाटातून काढली, चादरीत गुंडाळली आणि वाल्फ्रेडच्या दुकानात नेली. बाहेरून कशी लखलखत होती! हे दर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती तासतासभर पुसायचे, तेलाचा वास माझ्या पावाला लागायचा. वाल्फ्रेडने ती उघडून नळी उजेडाकडे धरली आणि एक डोळा लावला. मग दुसरा लावला. मग म्हणाला, "वहिनी, पलीकडचं दिसत नाहीये." त्याने लांब सळई घातली तर आतून वाळकी माती पडली, टेबलावर तिचे तुकडे झाले, आणि त्या तुकड्यांत कागदासारख्या हलक्या, मेलेल्या गांधीलमाश्या होत्या. एक घरटं नव्हे हो, वस्तीच. आणि त्याखाली गंज, नळीला आतून देवीचे व्रण पडावेत तसा. वाल्फ्रेड म्हणाला, "ह्या नळीतून आठ-नऊ वर्षं गोळी गेलेली नाही."

वन्सं, दर वर्षी तुमचा भाऊ पंधरा दिवस कॅम्पावर राहून रिकाम्या हाताने घरी यायचा. मी विचारायची, "काय झालं?" आणि हे बूट काढत काढत म्हणायचे, "नेम धरला होता ग, पण फांदी आडवी आली." दर वर्षी. मी यांना गरम सूप द्यायची, पाय शेकायची, त्या फांदीला शिव्या घालायची. नऊ वर्षं फांदी आडवी येत होती, आणि बंदुकीत गांधीलमाश्यांचा संसार! मी त्या दुकानात हसावं की रडावं हे न कळून खिळ्यांच्या खोक्याकडे बघत राहिले. वाल्फ्रेडने माती गोळा करून कागदात बांधली आणि माझ्या हातात दिली, जणू काही मी ती विकतच घेतली होती. म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही. पण ही बंदूक आता चालणार नाही. दुसरी बघायला हवी." आणि लगेच पुढच्या श्वासात, "थर्टी-नॉट-सिक्स घ्या." (जे गोळीचं माप, तेच यांच्यात बंदुकीचं नाव.)

बस, तिथून सुरू झालं. दाट झाडीतल्या हरणाला कुठली गोळी, या प्रश्नावर टॅमरॅक क्रीकमध्ये जेवढी माणसं आहेत त्याहून एक मत जास्त आहे (पास्टरांची दोन आहेत). वाल्फ्रेडचं म्हणणं, थर्टी-नॉट-सिक्स एकदा घेतली की मरेपर्यंत दुसरी नको. उद्या अस्वल आलं, परवा घोड्याएवढं मूस आलं, तरी तीच. मी म्हटलं, मला मूस बोलावायचंच नाहीये. तरी त्याने मला दुकानामागे नेऊन ती उडवायला लावली. वन्सं, माझा खांदा आधी लाल, मग जांभळा, मग पिवळा आणि शेवटी चर्चच्या खिडकीतल्या काचेसारखा हिरवा झाला. दोन आठवडे दोरीवर कपडे एका हाताने वाळत घातले.

ऑस्करभावजींचं म्हणणं थर्टी-थर्टी. आखूड, हलकी, झाडीत अडकत नाही. त्यांच्या वडिलांनी तिनेच मारली, त्यांनीही तिनेच मारली, आणि ज्याला थर्टी-थर्टीने हरीण पडत नाही त्याने मासे धरावेत. हे सगळं सांगताना ते हे विसरलेच, की मी बंदूक घेऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. थर्टी-थर्टीचं नाव निघालं, की त्यांचा स्वतःवर ताबा राहत नाही.

आणि पास्टर सालोंची थर्टी-फाइव. त्यांचा सिद्धांत असा, की हलकी वेगवान गोळी फांदीला लागली की भरकटते, पण जड आणि संथ गोळी झाडीतून वाट काढत जाते. एका रविवारी त्यांनी हे प्रवचनातच घातलं. सत्य हे जड आणि संथ असतं, ते काट्याकुट्यांतून सरळ जातं, वगैरे. पहिल्या बाकावर बसलेल्या वाल्फ्रेडने इतक्या जोरात खाकरून निषेध केला, की पेटी वाजवणारी बाई दचकून पुढच्या भजनाला लागली.

या सगळ्यात मी एक केलं, की सप्टेंबरपासून दर मंगळवारी यांच्या जागेवर जाऊन बसायला लागले. म्हटलं, बंदूक ठरायची तेव्हा ठरेल, बसायचा तरी सराव होऊ दे. ती जागा तुम्ही पाहिलेली नाही. नाल्याच्या पलीकडे सीडरचं दाट बन आहे, इतकं दाट, की तीस पावलांपलीकडे जग संपतं. त्यात एक आडवा पडलेला ओंडका, त्यावर शेवाळ, आणि शेवाळात एका माणसाच्या बैठकीचा खळगा. मी त्या खळग्यात बसले. (मला तो दोन्ही बाजूंनी जरा कमी पडतो, पण ते असो.) पहिल्यांदा काहीच नाही. मग पाणी ऐकू यायला लागलं, कुठे आहे ते न दिसणारं. मग उजेड. तो तिथे वरून पडत नाही हो, खालून उगवल्यासारखा वाटतो, हिरवा, शेवाळातूनच. किती वेळ गेला कळलं नाही. मी कुणाची तरी वाट बघतेय असं वाटायचं, आणि ज्याची बघतेय ते येऊन शेजारी बसूनही गेलं असंही वाटायचं.

आणि मग एक चिकाडी आली. मुठीत मावेल एवढं पाखरू, काळ्या टोपीचं. सरळ माझ्या हातमोज्यावर बसली आणि माझ्याकडे बघायला लागली, उशीर झालेल्या वाढप्याकडे बघावं तशी. मला आधी कळेना. मग कळलं. हे दर वर्षी जाताना वेलचीच्या पावाचे सहा जाडजूड तुकडे बांधून न्यायचे आणि तरीही उपाशीपोटी परत यायचे. मी म्हणायची, रानात भूक फार लागते वाटतं. वन्सं, तुमचा भाऊ नऊ वर्षं तिथे पाखरांना जेवू घालत बसला होता. पुढच्या मंगळवारी मी पाव घेऊन गेले. चौदा चिकाड्या होत्या. एक माझ्या टोपीवर बसली.

ऑक्टोबरात केनेथ आला. माणूस वाईट नाही, सारखा माझ्या दातांकडे बघतो एवढंच. त्याच्या बंदुकीवर हाताच्या कोपरापर्यंत लांब दुर्बीण होती. म्हणाला, "काकू, गोळीचं कॅलिबर विसरा. दिसलं तर मारता येईल." मी ती दुर्बीण यांच्या जागेवर बसून डोळ्याला लावली, तर समोर एका सीडरच्या सालीचा तुकडा दिसला, जाजमाएवढा. सरकवली, तर दुसऱ्या सीडरची साल. मग एका चिकाडीची फक्त छाती, वाऱ्याने पिंजारलेली, एकेक पीस वेगळं. मी ती छाती अर्धा तास बघत राहिले. केनेथ मागून कुजबुजत होता, "काकू, हरीण दिसतंय का? काकू?" मला उत्तर द्यावंसंच वाटेना.

शेवटी कोस्की बंधूंनी मार्ग सुचवला. (हे दोघे भाऊ मिळून वर्षाला अकरा वाक्यं बोलतात, त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं की गाव थांबतं.) थोरला कोस्की म्हणाला, "उडवून बघा." झालं! ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी, चर्चनंतर, सगळे खडीच्या खाणीत जमले. ऑल्डरच्या फांद्या तोडून दाट कुंपणासारख्या रोवल्या आणि त्यामागे जुन्या चादरीवर पास्टरांच्या बायकोने कोळशाने हरीण काढलं. (ते गाईसारखं दिसत होतं आणि ती गाय ऑस्करभावजींसारखी दिसत होती, पण कुणी बोललं नाही.) आधी थर्टी-थर्टी. गोळी फांद्यांत शिरली आणि चादरीच्या बाहेर डावीकडे मातीत गेली. ऑस्करभावजी म्हणाले, वारा आहे. मग थर्टी-नॉट-सिक्स. फांदीवर गोळी फुटून चादरीवर तीन छोटी भोकं, तीनही आडवी, हरणापासून हातभर लांब. वाल्फ्रेड म्हणाला, गोळी स्वस्तातली होती. मग पास्टर पुढे झाले. बाही सावरली, सत्याचं नाव घेतलं आणि थर्टी-फाइव उडवली. जड आणि संथ गोळी फांद्यांतून खरोखरच गेली, पण कुठल्या तरी दगडाला लागून काटकोनात वळली आणि बाजूच्या उंचवट्यावर ठेवलेल्या, चर्चच्या तळघरातून आणलेल्या चाळीस कपांच्या कॉफीच्या भांड्यात घुसली. समोरून आत, मागून बाहेर.

चाळीस कप कॉफी दोन धारांनी खडीत वाहून जाताना सगळं गाव बघत उभं होतं. तुम्ही आपल्या लोकांना ओळखता. यांच्या अंत्यविधीलाही एवढी शांतता नव्हती. त्या शांततेत धाकटा कोस्की पुढे आला, भांड्याच्या दोन्ही भोकांतून पलीकडे बघितलं आणि वर्षाचं आपलं शेवटचं वाक्य बोलला. "फांदीला मारू नका, फट दिसेपर्यंत थांबा." आणि घरी गेला.

वन्सं, मला तेवढ्यात सगळं कळलं. गोळी कुठलीही असो, फांदीपुढे सगळ्या सारख्या. मी सोमवारी सकाळी वाल्फ्रेडकडे गेले आणि म्हटलं, कॅलिबर सांगू नकोस, बंदुका दे. त्याने माणूस म्हणून फार चांगला सल्ला दिला. म्हणाला, "वहिनी, तो जाड लोकरीचा कोट घालून या, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा दाणा, आपोआप मागच्या खाचेत बसलेली दिसली, तर ती बंदूक तुमची. नाहीतर ठेवून द्या." मी अकरा बंदुका उचलल्या. दहांच्या वेळी डोळे उघडल्यावर छत दिसलं किंवा वाल्फ्रेड दिसला. अकरावी जुनी, आखूड, कुणीतरी दस्त्यावर बोटांनी गुळगुळीत केलेली. डोळे उघडले तर माशी खाचेत अशी बसली होती, की जणू मी येण्याआधीपासून बसलीय. नळीवर कॅलिबर कोरलेलं होतं, त्यावर मी तिथल्या तिथे चिकटपट्टी लावून घेतली आणि काडतुसं जुन्या हातमोज्यात ओतली. गावात प्रत्येकाने विचारलं. मी प्रत्येकाकडे बघून हसले. ऑस्करभावजींना वाटलं थर्टी-थर्टी, पास्टरांना वाटलं थर्टी-फाइव, आणि गावात दोन महिन्यांनी पहिल्यांदा शांतता नांदली.

चौदा तारखेला कॅम्पावर गेले. बिचारे पुरुष! माझ्या बर्थपुढे त्यांनी घोंगडीचा पडदा लावला होता, सगळ्यांनी दाढ्या केल्या होत्या, आणि वाल्फ्रेडने तर केस चापून बसवले होते. सॉनाची पहिली पाळी रीतीप्रमाणे बाईची, म्हणून मी निवांत वाफ घेत बसले, आणि बाहेर पाच माणसं आणि एक पास्टर टॉवेल गुंडाळून बर्फात पाय आपटत उभी. (केनेथही होता, जमिनीवर झोपायच्या बोलीवर.) जेवताना कुणी एकही चावट गोष्ट सांगितली नाही. मला वाईट वाटलं, म्हणून मीच एक सांगितली. पास्टर सगळ्यांत जास्त हसले.

पंधराला उजाडताना मी ओंडक्यावर होते. बर्फ पडत होता, पण त्या बनात तो खालपर्यंत पोचत नाही, फांद्यांवरच साठतो आणि मग एखादी फांदी मध्येच उसासा टाकल्यासारखी मोकळी होते. चिकाड्या आल्या, जेवून गेल्या. दूर कुठेतरी एकदा बंदूक वाजली, पुन्हा सगळं मऊ झालं. मी जागी होते की नव्हते हे मला सांगता येणार नाही. मला आमच्या लग्नाचा दिवस दिसला, आणि हे न बोलता माझ्याशेजारी उभे असलेले. मग हेच ओंडक्यावर बसलेले. मग दोन्ही एकच. तेहतीस वर्षं मी या माणसाला विचारत होते, की तुम्ही बोलत का नाही, आणि इथे बसल्यावर मला एकही प्रश्न सुचेना. दुपार झाली असावी. डोळे उघडले तर वीस पावलांवर नर उभा होता. लहान शिंगांचा, ओल्या नाकाचा, तोंडात सीडरची काडी. श्वासाची वाफ. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. फट दिसली. मी बंदूक खांद्याला लावली, माशी खाचेत बसली, मी चाप ओढला.

सगळे धावत आले. बर्फात सहा फाट्यांच्या शिंगांचा नर पडला होता, जागच्या जागी, एका गोळीत. ऑस्करभावजींनी टोपी काढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, किंवा बर्फ होता, आपल्या लोकांचं सांगता येत नाही. म्हणाले, "तायस्तोच्या जागेवरून नऊ वर्षांत पहिलं." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं. केनेथने हरीण एकट्याने ओढत कॅम्पापर्यंत नेलं आणि वाटेत एकदाही माझ्या दातांकडे पाहिलं नाही. रात्री कांद्यावर परतलेली कलेजी झाली. शेगडीजवळच्या खालच्या बर्थवर मी यांच्या घोंगडीत झोपले, आणि कुणीही पडदा ओढला नाही, इतके सगळे मला विसरून आपसांत भांडत होते, की ही गोळी थर्टी-थर्टीची की थर्टी-फाइवची.

तेव्हा वन्सं, काळजी करू नका. तुमच्या माहेरची बर्थ तुमच्या माहेरातच आहे. तुम्ही तब्येतीला जपा. मांसाचा डबा ॲरिझोनापर्यंत टिकणार नाही, म्हणून तुमच्या वाट्याचं चर्चच्या तळघरात गावाला जेवायला घातलं. तुमचं नाव घेऊन घातलं.

तुमची आज्ञाधारक (बहुतेक वेळा) भावजय,
लेम्पी

ता. क. वर जे लिहिलं त्यात एक गोष्ट राहिली. मी त्या हरणाला मारलं नाही. त्या काडी चघळणाऱ्या पोराला मारायचं माझ्याच्याने होईना. पण बंदूक वाजली नाही तर पुरुष म्हणणार, बाई नुसती बसून आली. म्हणून मी शेजारच्या एका जाडजूड कुजक्या बुंध्यावर नेम धरला. एकदा वाजवायचं आणि म्हणायचं, नेम धरला होता, पण फांदी आडवी आली. यांचाच शब्द, घरातलाच. मी चाप ओढला, पोरगं उडी मारून पसार झालं, आणि मागच्या झाडीत काहीतरी धप्पकन पडलं. तो दुसराच होता. मला तो दिसलाही नव्हता. बुंध्याला गोळी लागलेली नाही. अलीकडे ऑल्डरची अंगठ्याएवढी फांदी तुटून लोंबत होती. फांदी खरंच आडवी आली वन्सं. ती फांदी मी तोडून चुलीत घातली. वाल्फ्रेडला दिसली असती तर सगळं कळलं असतं.

आणखी ता. क. बंदूक थर्टी-टू आहे. ना धड तीस, ना धड पस्तीस. ही कुणाच्याच बापाची नाही, आणि हिच्या बाजूने गावात एकही माणूस नाही. तुम्हीही सांगू नका. गावाची शांतता त्यावर उभी आहे.

शेवटचा ता. क., आणि हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. ऑस्करभावजींनी टोपी काढली खरी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत घातली. एप्रिलच्या बैठकीत ते दारावरच्या नियमात एक शब्द वाढवणार आहेत, 'पुरुष'. "तू मारलंस लेम्पी, मान्य आहे, पण नियम कसा स्पष्ट असावा." मामंजींचं अक्षर बदलायचं तर मामंजींच्या रक्ताच्या माणसाची सही लागते, आणि आता तुम्ही एकट्याच उरलात. तेव्हा याच टपालाने तुम्हाला ऑस्करभावजींचंही एक पाकीट येईल. पत्र फार गोड असेल, आणि आत एक कागद असेल. त्यावर सही करू नका. वाटलंच तर त्याच्यावर किराण्याची यादी लिहा. आणि पुढच्या नोव्हेंबरात स्वतः या. तुमच्या वडिलांनी बांधलेल्या घरात तुम्ही अजून एकही रात्र झोपलेल्या नाही, हे मला परवा त्या बर्थवर पडल्या पडल्या लक्षात आलं. मी ओंडका मोजला आहे, दोघी बसू. बंदूक एकच पुरे, आणि नियमात काडतुसांबद्दल काहीही लिहिलेलं नाही, मी पुन्हा वाचून पाहिलं. तुम्ही फक्त जाड कोट आणा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलू नका. (यातला कोट मी इथे उसना मिळवून देईन.)